वडिलांच्या ११ गोळ्या : वृद्धरोगतज्ज्ञांना दाखवावे का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. हृदयरोग, मधुमेह आणि प्रोस्टेट यांसाठी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांचे उपचार चालू असून दिवसाला ११ गोळ्या होतात. गेल्या दोन महिन्यांत पहाटे लघवीला उठताना ते दोनदा पडले. हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून त्यांनी तलावपाळीची संध्याकाळची फेरी सोडून दिली आहे, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. प्रत्येक डॉक्टर आपापल्या विकारापुरते सर्व ठीक असल्याचे सांगतात. वृद्धरोगतज्ज्ञांकडे गेल्याने काही वेगळे होईल, की चिठ्ठीत आणखी एका गोळीची भर पडेल?

उत्तर (नेरुळ)
सासूबाईंना नेताना मलाही हीच शंका होती. डॉक्टरांनी घरातील सगळी औषधे, अगदी मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळीसुद्धा, पिशवीत घालून आणायला सांगितली होती. त्यांनी सासूबाईंना खुर्चीतून उठून थोडे चालून परत बसायला लावले, स्मरण, नजर, ऐकू येणे आणि वजन पाहिले, घरात कोण असते हेही विचारले. शेवटी दोन गोळ्या कमी झाल्या, त्याही मूळ डॉक्टरांशी बोलून.

उत्तर (वाशी, फिजिशियन)
वृद्ध व्यक्तीचे पडणे हे वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नये. त्याचे कारण शोधावे लागते. प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या एकत्र आल्या की उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. झोपेच्या गोळीने तोल जातो. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या औषधाने रात्री साखर खाली येऊ शकते. शिवाय उतारवयात स्नायू घटल्यामुळे क्रिएटिनिनचा (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंड बाहेर टाकते तो घटक) आकडा नॉर्मल दिसला तरी मूत्रपिंडाची क्षमता कमी झालेली असू शकते, म्हणून मात्रा पुन्हा ठरवावी लागते. तीनही चिठ्ठ्या एकत्र वाचणारा कोणीतरी हवा, आणि तेच या शाखेचे काम आहे. १९३५ पासून इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात या शाखेच्या एक प्रवर्तक डॉ. मार्जरी वॉरन यांनी कायमचे अंथरुणाला खिळलेले मानलेले वृद्ध नव्याने तपासले, आणि त्यांतील अनेक जण चालते होऊन घरी गेले.

फेरी बंद राहिली तर पायांतील बळ घटेल आणि पडण्याचा धोका उलट वाढेल, त्यामुळे कोणाच्या तरी सोबतीने ती लवकर सुरू करावी. मात्र कोणतीही गोळी परस्पर थांबवू नये. बीटा ब्लॉकर (हृदयविकार व रक्तदाबावरील एक औषध) किंवा झोपेची गोळी एकाएकी बंद केल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. तूर्त घरीच, पाच मिनिटे आडवे राहिल्यावर आणि मग उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

प्रश्नकर्ती (नौपाडा)
आपण दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी बाबांचा वरचा रक्तदाब आडवे असताना १४६ होता, उभे राहिल्यावर ११८. हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून कळवले आहे आणि सोमवारी वृद्धरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. औषधांची पिशवी आजच भरून ठेवली.