आबांचा जुना लोखंडी पिंजरा रंगवून बजींसाठी वापरता येईल का?

नंदनवनची_आई
नमस्कार. इतवारीतलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर सासऱ्यांचा लोखंडी पिंजरा सापडला. ऐंशीच्या दशकात त्यात त्यांचा मिठू असायचा. आता देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, आमच्याकडे दोन बजी आहेत (दुकानवाले ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात ते). सध्याचा पिंजरा इतका अरुंद आहे की पंख पसरले की दोन्हीकडे घासतात. हा जुना मात्र चांगला अडीच फूट उंच, वर घुमट, खाली पत्र्याचा ट्रे.

वरचा हिरवा ऑइलपेंट पोपडे धरून सुटून राहिला आहे. त्याखाली पांढरा थर आहे, आणि दाराच्या कडीजवळ अगदी तळाशी शेंदरी. हार्डवेअरवाले म्हणाले, पॉलिश पेपर मारा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वरून कोणताही ऑइलपेंट चालेल. मुलाला पिवळा हवा आहे. रविवारी गॅलरीत करायचा विचार आहे. बजी दिवसभर गज चावत असतात म्हणून भीती वाटते. रंग दिल्यावर किती दिवसांनी त्यांना आत सोडायचं?

सक्करदरा_७७
ताई, गॅलरीत नका करू बाप्पा! निदान कूलर सुरू असताना तर मुळीच नाही. आमच्याकडे मागच्या मे महिन्यात शेजारी गॅलरीची ग्रिल रंगवत होते. आमचा कूलर त्याच बाजूच्या खिडकीत. बाहेरची हवा ओढतो नं तो, थिनरचा सगळा वास सरळ खोलीत. आम्हाला नुसतं डोकं दुखल्यासारखं झालं. पाखरं काठीवरून खाली उतरून ट्रेमध्ये बसली, शेपटी वरखाली करत, चोच उघडी. तासाभरात एक गेलं. दुसरं मी ओढणीत गुंडाळून गच्चीवर नेलं म्हणून वाचलं. आपल्याला जो वास सहन होतो तो त्यांना होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

हिंगणा_कोटिंग
ताई, मी हिंगणा एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या (रंगाची कोरडी पूड लावून भट्टीत भाजायची) लाइनवर २२ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट तो शेंदरी थर. रेड ऑक्साइड विटकरी-तांबडा असतो, त्यात लोहाचा ऑक्साइड. पण जुन्या लोखंडावर चमकदार शेंदरी थर दिसला तर तो रेड लेड असण्याची दाट शक्यता. म्हणजे शिसं, आपल्या शेंदरात असायचं तेच. वरच्या हिरव्या-पांढऱ्या थरांचाही भरवसा नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचा पिंजरा त्याच्या कितीतरी आधीचा. त्याला कोरडा पॉलिश पेपर मारू नका. ती धूळ फरशीवर, कुंड्यांवर, कपड्यांवर बसेल आणि घरात लेकरू आहे. ब्लो लँपने जाळणं तर त्याहून वाईट, शिशाचा धूर होतो.

मग कोटिंगला पाठवू का, असं तुम्ही विचाराल. कोटिंगची पावडर विजेच्या भाराने चिकटते, आणि बंद जाळीच्या आत तो भार पोचत नाही. बाहेरचे गज झकास दिसतात, आतले कोपरे कोरडे राहतात. पाखरू राहतं आत. म्हणून पिंजरा कधीही उभा कोट करायचा नसतो, पल्ले सुटे करून हुकाला टांगायचे. तुमचा घुमट सुटणारा नसेल.

आणखी एक बघा. घुमटावर तारा जिथे एकत्र येतात तिथे करड्या गाठी आहेत का? चाकूचं टोक हळूच लावा, नंतर हात साबणाने धुवा. टोक रुतलं आणि चकचकीत रेघ उठली तर ते सोल्डर आहे, म्हणजे जोडावर वितळवून लावलेला मऊ धातू. कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं आणि आमची भट्टी १८० ते २०० वर चालते. पिंजरा भट्टीतच विस्कटेल. नाही विस्कटला तरी बजी चोचीने धरून चढतात, त्या गाठी रोज तोंडात जाणार.

माझं मत स्पष्ट आहे, हा पिंजरा पाखरांना देऊ नका. चोच जिथे पोचते तिथे ब्रशचा रंगही नको. ऑइलपेंट वरून दोन दिवसांत सुकतो, आतून मुरायला आठवडे लागतात. आपल्या उन्हात तर वर साय धरते आणि खाली ओलाच राहतो.

पशुवैद्यक_नागपूर
काकांशी सहमत. मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. शिसं किंवा जस्त पोटात गेलं की पाखरू फुगून बसतं, खाणं सोडतं, पाणी जास्त पितं, विष्ठा हिरवी होते, पुढे तोल जातो, झटके येतात. एक्स-रेमध्ये धातूचे कण बरेचदा दिसतात आणि लवकर आणलं तर इंजेक्शनने उपचार होतात. जस्तासाठीच गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळीही टाळा.

नंदनवनची_आई
काका, चाकू लावला. टोक सहज रुतलं, चांदीसारखी रेघ उमटली. अशा अकरा गाठी आहेत.

आबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मिठू शेवटच्या आठवड्यात मान वाकडी करून थरथरायचा, आणि गाठी चावायची त्याला फार सवय होती. कशाने गेला ते आता कोण सांगणार. पिंजरा त्यांनी स्वतःच ओल्या फडक्याने झाकून प्लॅस्टिकमध्ये बांधला.

नवीन करून घ्यायचा तर फॅब्रिकेटरला नेमकं काय सांगू?

हिंगणा_कोटिंग
साध्या लोखंडाच्या गजांचे सपाट पल्ले, स्पॉट वेल्डिंग, सोल्डर कुठेही नाही. दोन गजांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको, बजी डोकं अडकवतात. पल्ले बोल्टने जोडायचे, बोल्ट स्टीलचे. जोडण्याआधी सुटेच कोटिंगला द्या आणि पावडर लेड-फ्री असल्याचा कागद मागा. घरगुती रंगांचा तो नियम कारखान्यातल्या पावडरीला लागू नाही, म्हणून कागद पाहिजेच. पिवळा, केशरी, लाल घेऊ नका, त्या छटांसाठी शिशाचं क्रोमेट वापरत आले आहेत. लेकराला पांढऱ्यावर राजी करा. हुक लावलेल्या जागी कोटिंग बसत नाही, ते ठिपके बाहेरच्या बाजूला येतील असं टांगायला सांगा. घरी आणल्यावर साबणाने धुवा, बस. भट्टीतून निघालं की पक्कं झालेलं असतं, वास येत नाही.

नंदनवनची_आई
पांढऱ्यावर राजी झाला, पण झोका पिवळ्या दोरीचा हवा म्हणतो. सुती दोरी आणू. ट्रेलाही कोटिंग करून घेऊ का?

हिंगणा_कोटिंग
नको. ट्रे रोज घासावा लागतो, कोटिंग कडेपासून निघतं. भांड्यांच्या दुकानातून मापाचा स्टीलचा ट्रे घ्या आणि पल्ले बनवायच्या आधी घ्या. पिंजरा ट्रेच्या मापाने करता येतो, ट्रे पिंजऱ्याच्या मापाने मिळत नाही.