बिंज ईटिंगवर उपचार : महिना २००० रुपयांत काय शक्य आहे?

गोदाकाठ (नाशिक)
घरातले सगळे झोपले की, पोट भरलेले असूनही, उरलेला भात, डब्यातला चिवडा, हाताला लागेल ते मी खात सुटते. थांबावेसे वाटले तरी थांबता येत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते. उलट्या काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे असे काही मी करत नाही. डॉक्टरांनी बिंज ईटिंग डिसऑर्डर असे निदान केले आहे. महिन्याला २००० रुपयांपेक्षा अधिक खर्च झेपणार नाही. कोणता उपचार घ्यावा?

मीनल_पुणे
ताई, चांगल्या आहारतज्ज्ञांकडे जा. मी १८,००० रुपयांचे पॅकेज घेतले, रोज सोळा तासांचा उपवास केला आणि लग्नाआधीचे कपडे पुन्हा अंगाला येऊ लागले. पैसे पुरेपूर वसूल झाले.

शब्दवेल्हाळ
उपवास करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दिवसभर आवरून धरलेली भूक रात्री उसळते, त्या खाण्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहिले जाते आणि हे चक्र थांबत नाही. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी सर्वप्रथम सीबीटीवर (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशन पद्धत) आधारित, मार्गदर्शनासह स्वयंसाहाय्य सुचवले आहे : रुग्णाने पुस्तिकेनुसार घरी काम करायचे आणि १६ आठवड्यांत समुपदेशकाच्या सुमारे २० मिनिटांच्या चार ते नऊ भेटी घ्यायच्या. तुमच्या खर्चाच्या मर्यादेत हेच बसेल.

अटलांटाकर
अमेरिकेत मध्यम ते तीव्र आजार असलेल्या प्रौढांसाठी लिसडेक्सॲम्फेटामिन या औषधाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. माझ्या मेहुण्याला त्याचा उत्तम गुण आला. कोणी येणारे असेल तर मागवून घ्या.

शब्दवेल्हाळ
असे कृपया करू नका. ते उत्तेजक औषध आहे. त्याची सवय लागू शकते, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्याला हात लावू नये.

कायदेपंडित
२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा मिळाला पाहिजे. तरीही माझ्या विमा कंपनीने बाह्यरुग्ण विभागाचे बिल नाकारले आणि अजून पत्रव्यवहार चालूच आहे.

मीनल_पुणे
विम्याची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. माझी तरी वजन उतरल्यावर खाण्याची ओढ कमी झाली.

सुलभा_ठाणे
वर म्हटल्याप्रमाणे सीबीटीच करा. मात्र पुस्तिकेवर विसंबू नका. माझी कन्या दर आठवड्याला १५०० रुपये देऊन थेरपिस्टकडे जाते आणि तिला खूप फरक पडला आहे.

गोदाकाठ
सर्वांची आभारी आहे. माझी उदासी आणि झोपेची तक्रार जुनी आहे, म्हणून पुस्तिका आणि खासगी थेरपी दोन्ही तूर्त बाजूला ठेवून मी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना दाखवणार आहे आणि त्यांनी औषध दिले तर ते घेणार आहे. उपवास मात्र करणार नाही. नवरात्रातलेही यंदा धरणार नाही, असे सासूबाईंना सांगितले आहे.

शब्दवेल्हाळ
अवश्य जा. केवळ औषधावर भागवू नये असे 'नाइस'चे म्हणणे आहे, त्यामुळे तेथे समुपदेशन मिळते का, हेही विचारा. तोपर्यंत जेवणाच्या वेळा ठरवून घ्या, दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर पडू देऊ नका, आणि काय खाल्ले, केव्हा खाल्ले, त्या वेळी मनात काय होते याची वही पहिल्या भेटीला सोबत न्या. मध्येच फार असह्य झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे मराठीत बोलता येते.