मदत हवी आहे: ‘दोन मिनिटांच्या’ दुरुस्तीत हात कसे वाचवायचे?

नमस्कार मंडळी,

मी पॅकिंग लाइनवर मेंटेनन्सला आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या शिफ्टला आमच्या हेल्परच्या तर्जनीचं टोक गेलं. कार्टन अडकला होता. पोराने इमर्जन्सी बटण दाबलं, गार्ड उघडला आणि कार्टन ओढला. कार्टन निघाला तसा कार्टन ढकलणाऱ्या पुशरचा, हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर सुटून पुढे आला. लाइटचा काही संबंध नव्हता, आत हवा कोंडलेली होती. बटण दाबलं की हात घालायला हरकत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. रात्री झोपताना तेच आठवतं.

आमच्याकडे लॉकआउटची, म्हणजे सप्लाय बंद करून त्याला कुलूप लावायची पद्धत आहे. गिअरबॉक्स उतरवायचा असेल, मोटर बदलायची असेल तर सगळे न चुकता कुलूप लावतात. पण जॅम काढणं, सेन्सर सरळ करणं ही कामं दिवसातून वीस वेळा येतात. त्यासाठी कोणी पॅनेलपर्यंत चालत जात नाही. मीही जात नव्हतो. अशा कामांना तुमच्याकडे काय करतात? बेल्ट ट्रॅकिंग (बेल्ट बाजूला न सरकता मधोमध चालेल असा सेट करणं) तर मशीन चालू ठेवूनच करावं लागतं, तिथे काय? शिवाय आता सगळ्यांना कट-रेझिस्टंट ग्लोव्ह्ज सक्तीचे होणार आहेत, अगदी ड्रिल मशीनवरसुद्धा. मला ते पटत नाही, पण कारण नीट मांडता येत नाही.

जुना फिटर:
दादा, वाचून वाईट वाटलं. पोराची काळजी घ्या.

इमर्जन्सी बटण कंट्रोल सर्किट तोडतं. मेन सप्लाय बहुतेक मशीनवर तसाच राहतो आणि हवाही पुष्कळदा मुद्दाम ठेवलेली असते, क्लॅम्प सुटून जॉब पडू नये म्हणून. ६३ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बारवर जवळजवळ १९० किलोचा जोर देतो. बोटाचं काय होणार?

आणि मेन हवा सोडली म्हणजे सिलिंडर मोकळा झाला असंही नाही. व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत दोन्ही पोर्ट बंद करणारा असेल किंवा लाइनमध्ये चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल, तर व्हॉल्व्ह आणि सिलिंडरमधली हवा तिथेच अडकते. ती वेगळी सोडावी लागते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं, सर्किट बघून खात्री करा.

उपाय म्हणाल तर कुलूप माणसाच्या जवळ आणा. गार्डच्या शेजारीच कुलूप लागणारा आयसोलेटर (मेन सप्लाय तोडणारा स्विच) आणि कुलूप लागणारा, हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवा. पंधरा पावलं चालायची असतील तर कोणी लावणार नाही, हाताशी असेल तर लावतील. प्रत्येकाचं कुलूप स्वतःचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून बघायचंच. मशीन हललं नाही, की मग हात.

टूलरूमवाला:
ग्लोव्ह्जबद्दल तुमची शंका रास्त आहे. फिरत्या स्पिंडलजवळ ग्लोव्ह नको म्हणजे नकोच. कट-रेझिस्टंट धागा सहजी तुटत नाही, हेच तिथे घातक ठरतं. ड्रिलने टोक पकडलं की ग्लोव्हसकट आख्खा पंजा गुंडाळला जातो. ग्लोव्हवरचा कटचा आकडा धारदार कडेने कापण्याबद्दल असतो. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट सापडलं तर त्याचा काही उपयोग नाही. पत्रा उचलताना, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) असलेला पार्ट हाताळताना जरूर घाला. चिप, म्हणजे धातूचा कीस, ब्रशने किंवा हुकने काढा. आणि अंगठी घरी ठेवा, ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते.

आणखी दोन सवयी मोडा. व्ही-बेल्ट चढवताना पुली हाताने फिरवून बेल्ट ढकलत नेतात, तिथेच बोट आत जातं. मोटर सैल करून पुढे सरकवा, बेल्ट आरामात बसतो. दुसरं, बोल्टचं होल जुळलं का ते बोट घालून बघणं. पार्ट जरासा सरकला तरी बोट कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. तिथे टेपर (निमुळती) पिन वापरा.

पॅनेलवाला:
ट्रॅकिंगचे बोल्ट लांब करून गार्डच्या बाहेर काढा, ग्रीसिंगसाठीही बाहेरपर्यंत नळी आणा. गार्डला पारदर्शक पॉलिकार्बोनेट लावलं की बेल्ट बघत बघत सेट करता येतो, हात आत जायचं कारणच उरत नाही. अगदीच गार्ड उघडून हलवावं लागलं तर कमी वेगात, आणि दाबून धरलं तरच चालेल असं बटण हवं. ते बटण काम करणाऱ्याच्याच हातात. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने हात घालायचा, हे कधीच नको.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह) असेल तर मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. लेबलवर लिहिलेली वेळ थांबा, मग मीटर लावा. मीटर आधी चालू सप्लायवर तपासा आणि नंतर पुन्हा एकदा.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्किट बघितलं. चेक व्हॉल्व्हच निघाला, पुशरच्या अगदी तोंडाशी.

आणखी एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तुटलेला तुकडा आम्ही थेट बर्फात ठेवला होता. ते चुकलं का?

टूलरूमवाला:
हो, थेट बर्फ लावायचा नसतो, पेशी गोठून मरतात. स्वच्छ गॉज सलाइनने ओलसर करून त्यात तुकडा गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. जखम दाबून धरायची, हात वर ठेवायचा आणि तुकड्यासकट लगेच हॉस्पिटल गाठायचं. फर्स्ट एड पेटीत गॉज, सलाइन आणि पिशव्या आजच ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता:
ठेवतो. रविवारी लाइन बंद आहे, तेव्हा हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि आयसोलेटर बसवतोय. चेक व्हॉल्व्हपुढची अडकलेली हवा सोडायला हाताने उघडायचा वेगळा व्हॉल्व्हही घेतलाय. पुशर आडवा आहे, पण मागचा लिफ्टर उभा आहे. हवा सोडली की तो खाली येईल ना?

जुना फिटर:
येईल, धाडकन येईल. हवा सोडायच्या आधी खाली ठोकळा किंवा फ्रेममधून आरपार पिन लावा. लिफ्टरचं सगळं वजन पेलेल अशीच हवी. पिन साखळीने मशीनलाच बांधून ठेवा, म्हणजे शोधत फिरावं लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
पिन लेथवर टर्निंगला टाकली. पोरगा सोमवारी कामावर येतोय. पहिलं कुलूप त्याच्या नावाचं करून ठेवलंय.