इकिगाईची चार वर्तुळं काढली, मधे काहीच येत नाही

मुठाकाठ

मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो. एप्रिलमध्ये निवृत्त झालो. ३४ वर्षं एकाच कारखान्यात, टूलरूममध्ये. मुलगा बाहेर असतो. त्याने वाढदिवसाला जपानी जीवनपद्धतीवरची तीन पुस्तकं पाठवली आणि मी ती मनापासून वाचली.

आमच्या इथे पु. ल. देशपांडे उद्यान आहे, लोक त्याला ओकायामा गार्डनही म्हणतात. जपानमधल्या ओकायामाच्या ३०० वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून ते केलं आहे. सकाळी फिरून झालं की तिथे बाकावर वही घेऊन बसतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चार वर्तुळं काढली: आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय, पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे तुमचं इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण. मला जमतं ते जिग-फिक्श्चरचं, म्हणजे यंत्रावर भाग अचूक धरून ठेवणारी साधनं बनवायचं काम. दोन शतांश मिलिमीटरची चूक बोटाला कळायची. त्याचे आता कुणी पैसे देणार नाही आणि घरात लेथ बसवता येत नाही. आठवडाभर वही उघडतोय, मधली जागा कोरी आहे.

बायकोची नोकरी अजून दोन वर्षं आहे. दिवसभर घरी मी आणि आई (वय ८६). दुपारचे दोन वाजले की घड्याळाकडे बघवत नाही.

पुस्तकात लिहिलंय की जपानी भाषेत निवृत्तीला शब्दच नाही. खरं आहे का हे? तिथे राहिलेल्यांनी सांगावं. ती माणसं प्रत्यक्षात काय करतात?

---

वैद्यीणबाई

इकिगाईबद्दल मला बोलता येणार नाही, जेवणाबद्दल येईल. 'हारा हाचि बु' म्हणजे पोटाचे दहा भाग धरले तर आठ भरले की हात आवरायचा. आपल्याकडे आयुर्वेदात वाग्भटाने पोटाचे चार भाग सांगितलेत. दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्यासाठी मोकळा. हिशेब जवळपास तोच.

जपानमध्ये हे घरोघरी पोचवणाऱ्यांत काइबारा एकिकेन यांचं नाव मोठं. फुकुओकाचे विद्वान. लहानपणापासून प्रकृती तोळामासा, आणि तरी १७१३ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांनी आरोग्यावरचा ग्रंथ लिहिला. सामान्य माणसाला वाचता यावा म्हणून विद्वानांच्या चिनीत न लिहिता साध्या जपानीत लिहिला. जेवण झाल्यावर अंगणात काही शे पावलं सावकाश चाला, असं ते त्यात सांगतात. शतपावलीच की.

तुम्ही दुपारी दोनचं लिहिलंत म्हणून सुचवते. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका. आईंनाही हाताला धरून व्हरांड्यात फिरवा. दोघांची दुपार हलकी जाईल.

---

नाहातला_नागपूरकर

मी जपानच्या दक्षिणेला ओकिनावात तीन वर्षं होतो. शंभरी गाठलेल्या लोकांची जी गावं पुस्तकांत असतात ती त्याच बाजूची. तिथे 'मोआइ' नावाचा प्रकार आहे. दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतात, ठरलेली रक्कम टाकतात, दर महिन्याला एकाला उचल मिळते. ऐकून मी म्हटलं, अहो ही तर भिशी! आमच्या मजल्यावरच्या आजींची मोआइ चाळीस वर्षं चालू होती. एखादी आली नाही तर बाकीच्या त्याच संध्याकाळी तिच्या दारात.

मात्र सगळं तसंच टिकलंय असं समजू नका. २००० सालच्या आकडेवारीत ओकिनावातल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत घसरून २६ व्या क्रमांकावर गेलं. तिथे हा मोठा धक्का मानला गेला. १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. डबाबंद मांस, बर्गर आले, आणि दोन गल्ल्या ओलांडायलाही गाडी काढायची सवय लागली. आजोबा-आजी जे खात होते ते मुलांनी सोडलं.

---

सेतोकिनारा

मुठाकाठकाका, नमस्कार. मी मिरजेची. तिथे सहा वर्षं नर्स होते. भाषेची परीक्षा देऊन इकडे आले, आता चार वर्षं ओकायामात काइगोचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम करते. तुम्ही ज्या बागेत बसता तिची मूळ बाग, कोराकुएन, माझ्या खोलीपासून सायकलवर वीस मिनिटं. म्हणून रात्रपाळी संपवून झोपायच्या आधी लिहायला बसले.

सगळ्यात आधी ती वर्तुळं. ती जपानमधली नाहीत. एका स्पॅनिश लेखकाने 'प्रयोजन' दाखवायला तसं चित्र काढलं होतं. २०१४ मध्ये एका ब्रिटिश ब्लॉगरने मधला शब्द बदलून तिथे इकिगाई टाकलं आणि ते जगभर फिरलं. मी आमच्या सेंटरमधल्या सीनियर ताईंना चित्र दाखवलं, तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'पैसे कशाला आहेत इथे?' निवृत्तीला शब्द नाही हेही खरं नाही. तेइनेन म्हणतात, आणि तो शब्द रोज कानावर पडतो.

इकि म्हणजे जगणं. गाई हा 'काइ'चा बदललेला उच्चार, त्याचा अर्थ मोल. आपल्याकडे बाई म्हणते ना, पोरं शिकली, राबल्याचं चीज झालं, तसं ते चीज. इकिगाई म्हणजे जगल्याचं चीज. आमच्याकडे नवीन माणूस यायला लागलं की फॉर्म भरताना आम्ही हे विचारतो. उत्तरं इतकी लहान असतात. एका आजींचं उत्तर, अंगणातलं त्सुबाकीचं झाड. एका आजोबांचं, सुमो. सुमोच्या मोठ्या स्पर्धा वर्षातून सहा, प्रत्येक पंधरा दिवसांची. त्या पंधरा दिवसांत त्यांची आंघोळ आम्ही सकाळी लावतो, म्हणजे दुपारी ते टीव्हीसमोर असतात. हे कुणाला विशेष वाटत नाही, तक्त्यावर लिहिलेलंच असतं.

मला हा शब्द कळला तो माझ्या चुकीतून. ९१ वर्षांच्या एक आजी आठवड्यातून तीनदा यायच्या. जेवणाआधी हात पुसायला दमट छोटे टॉवेल देतात, ओशिबोरी. रोजचे चाळीसेक. धुऊन वाळले की त्यांच्या घड्या त्या आजी घालायच्या. बोटं वाकडी झालेली, एका टॉवेलला दोन-दोन मिनिटं लागायची. माझा पहिलाच महिना होता. मला वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या बाईला काय कामाला लावायचं! मी पाच मिनिटांत सगळा गठ्ठा उरकला आणि त्यांना म्हटलं, आजी, तुम्ही आराम करा. मिरजेत कुणी म्हणालं असतं, पोरगी गुणाची.

त्या दिवशी आजी जेवल्या नाहीत. जेवणाआधी आम्ही सगळ्यांकडून 'पा-ता-का-रा' मोठ्याने म्हणवून घेतो, गिळायचे स्नायू चांगले राहावेत म्हणून. त्यालाही त्यांनी तोंड उघडलं नाही. सीनियर ताईंनी मला बाजूला घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'जे त्यांना येतं ते आपण घ्यायचं नाही.' दुसऱ्या खेपेला मी आजींसमोर टॉवेलांची टोपली ठेवली आणि वाकून म्हटलं, 'ओनेगाई शिमास', कृपा करून करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पहिला टॉवेल उचलला. आजी मागच्या हिवाळ्यात गेल्या. शेवटी शेवटी दिवसाला चारच टॉवेल व्हायचे. बाकीचे आम्ही संध्याकाळी त्या घरी परतल्यावर करायचो, त्यांच्यासमोर कधीच नाही.

आता खरं सांगायचंय ते.

आजी गेल्यावर सीनियर ताई मला नागाशिमाला घेऊन गेल्या. ओकायामाहून आको लाइनने ओकु स्टेशन, तिथून बस. समुद्रातलं बेट आहे. तिथे नागाशिमा आइसेइएन ही कुष्ठरुग्णांची वसाहत १९३० मध्ये सुरू झाली, केंद्र सरकारने काढलेली पहिली. घरातून उचलून आणायचे. ज्या धक्क्यावर होडी लागायची त्याचे अवशेष अजून आहेत. आल्या आल्या जंतुनाशकाच्या पाण्यात आंघोळ, जवळचे पैसे काढून घेऊन वसाहतीपुरतं चालणारं नाणं हातात. घरच्यांना कलंक नको म्हणून कित्येकांनी नाव बदललं. औषध निघाल्यावरही रुग्णांना असं वेगळं ठेवायचा कायदा १९९६ पर्यंत तसाच होता. मुख्य भूमीला जोडणारा पूल व्हायला १९८८ उजाडलं. हाकेच्या अंतरावर जमीन दिसते हो तिथून! अस्थींची एक इमारत आहे, न्यायला कुणी आलं नाही अशा माणसांच्या. मी तिथे उभी राहून रडले.

कामिया मिएको या मनोविकारतज्ज्ञ १९५७ पासून या बेटावर येत होत्या. जन्म ओकायामातलाच, १९१४ चा. एकोणिसाव्या वर्षी काकांबरोबर एका कुष्ठरुग्णालयात ऑर्गन वाजवायला गेल्या आणि तिथेच डॉक्टर व्हायचं ठरवून परतल्या. घरच्यांचा विरोध, मधे स्वतःला क्षय, तरी झाल्या. या बेटावर त्यांना दिसलं की एकच आजार, एकच कुंपण, एकच जेवण, आणि तरी एकाला दिवस रिकामा वाटतो, दुसऱ्याला नाही. असं का, हे शोधत त्यांनी इकिगाईवर जे पुस्तक लिहिलं ते १९६६ मध्ये आलं. जपानमध्ये या विषयाचं मूळ म्हणून आजही तेच दाखवतात. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे जिच्यामुळे जगावंसं वाटतं ती गोष्ट. दुसरी म्हणजे ते वाटणं. गोष्ट हातातून गेली तरी वाटणं दुसऱ्या कशाला तरी धरून परत उगवू शकतं, हे त्यांनी माणसं पाहून लिहिलं.

त्याच बेटावर १९५३ मध्ये रुग्णांनी हार्मोनिकाचा वाद्यवृंद काढला, 'निळा पक्षी' नावाचा. बहुतेक जण आंधळे. बोटांना स्पर्श कळत नाही म्हणून ब्रेलमधलं स्वरलेखन जिभेने वाचायचे. त्यांचे प्रमुख कोन्दो कोइचि, जिभेतून रक्त येईपर्यंत वाचत. संग्रहालयात हार्मोनिका पाहिली तेव्हा मला आपलं आनंदवन आठवलं. ज्या माणसांना लोकांनी टाकलं त्यांच्या हातचं काम बाबा आमट्यांनी जगाला दाखवलं.

काका, तुमची बोटं शाबूत आहेत आणि त्यांना दोन शतांश कळतं. गल्लीतल्या कुणाच्या शिलाई मशीनची सुई हलते, कुणाचं कुलूप अडकतं, एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू बंद पडलेला असतो. पैशाचं वर्तुळ खोडलंत की यातलं काहीही मधे बसतं. पण त्याआधी घरात बघा. आई ८६ च्या आहेत असं लिहिलंत. त्या दिवसभर काय करतात, ते नाही लिहिलंत.

---

मुठाकाठ

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

आई काहीच करत नाही. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या हातातून भाजी निवडणं काढून घेतलं. मीच. सुरी नको, विळी नको, डोळ्यांना त्रास नको. मग वाती वळणंही बंद झालं, तयार वातींचं पाकीट मिळतं म्हणून. डोळे कधीच बरे झाले, काम परत दिलं नाही. ती खुर्चीत बसते आणि मी निवृत्त होऊन समोरच्या खुर्चीत बसलोय.

काल मेथीची जुडी आणली आणि वर्तमानपत्र पसरून तिच्यासमोर ठेवली. म्हणाली, 'आज कोण येणारे का जेवायला?' मी म्हटलं, कोणी नाही, मला निवडता येत नाही नीट. तिने मला मेथी निवडायला शिकवलं. कोवळी देठं टाकायची नाहीत, त्यातच चव असते म्हणे. पाऊण तास गेला. दोन कधी वाजून गेले कळलं नाही.

तिचा चष्मा सारखा घसरत होता. रात्री काडीचा स्क्रू उघडून बसवला. हात अजून स्थिर आहे.

वैद्यीणबाई, व्हरांड्यात फेऱ्याही सुरू केल्या. सध्या सहा.

---

सेतोकिनारा

वाचून किती बरं वाटलं सांगू!

कामाच्या दोन गोष्टी सांगते. आईंना खुर्चीवर बसवाल तेव्हा दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. लोंबत असतील तर खाली पाट द्या. पाय टेकलेले असले की हातांना जोर येतो आणि मानही आखडत नाही. समोरचं टेबल कोपराच्या उंचीला हवं. तुम्ही टूलरूमवाले, मोजून पाट करून घ्याल.

आणि निवडलेल्या मेथीत काड्या राहिल्या असतील तर त्या आत ओट्यापाशी काढा. त्यांच्यासमोर पुन्हा निवडायला बसू नका.

---

मुठाकाठ

पाट हवा. मोजला. साडेअकरा सेंटिमीटर. सागवानाची एक फळी माळ्यावर आहे, उद्या रंधा मारतो.