साक्षरता वर्गात 'वाचता येते' असे स्वयंसेवकाने नेमके केव्हा म्हणावे?

नमस्कार. कोरेगाव तालुक्यातील एका गावात 'उल्लास' नव भारत साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेविका म्हणून मी गेल्या दिवाळीपासून सहा जणींना शिकवते. रात्रीची जेवणे उरकली की समाजमंदिरात तासभर बसतो.

माझी अडचण शिकवण्याची नसून तपासण्याची आहे. अंतिम परीक्षा शाळेत होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण असतात आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के मिळवावे लागतात. त्या गुणांत माझा हात नाही आणि नसावा, हेच योग्य. परंतु कोण परीक्षेला बसण्याइतकी तयार आहे, हे आधी मलाच सांगावे लागते, आणि तिथे माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही.

गेल्या आठवड्यात साठीच्या एक मावशी धडा घडाघडा वाचत होत्या. कौतुकाने वाकून पाहिले, तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी ओळ! ज्यांना नुसते ऐकून रात्रभराची भजने पाठ आहेत, त्यांना दहा ओळींचा धडा पाठ होणे काय अवघड? मग पाणीपट्टीची पावती पुढे ठेवली, तेव्हा त्या पहिल्याच जोडाक्षरावर अडल्या आणि माझ्या तोंडून नकळत 'पट्टी' निघून गेले. असे मी रोज किती वेळा करत असेन, कोण जाणे. दुसऱ्या एक जणी वाघ्या घेवड्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या आधी तोंडी सांगतात, पण सहाशे पाच लिहायला सांगितले की '६००५' लिहितात. त्यांना संख्याज्ञान नाही, असे कोणत्या तोंडाने लिहू?

नोंद घेणाऱ्या शिक्षकांना फक्त 'तयार' किंवा 'नाही' एवढेच हवे असते. सगळ्यांना 'तयार' लिहून टाका, असेही मला सांगण्यात आले. मला ते पटत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या आजेसासूबाईही अक्षरे गिरवायला शिकल्या होत्या. पुढे सरावच राहिला नाही आणि शेवटी हाती उरली ती केवळ सही.

ज्यांनी प्रौढांना शिकवले आहे, त्यांनी कृपया सांगावे: न पाहिलेला मजकूर वाचायला देताना किती वेळ गप्प राहावे, आणि मदत करावी लागलीच तर ती वहीत कशी नोंदवावी? शिवाय हे सारे परीक्षेसारखे वाटू नये म्हणून काय करावे? कारण पावती पुढे ठेवताच मावशी म्हणाल्या, "व्हय गं सूनबाई, आता तू माझी परीक्षा घेणार?" आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्याच नाहीत.