माध्यमिक शाळेत मे महिन्यातही टिकेल असं पाण्याचं काम कसं उभं करावं?

माणदेशी बाई

नमस्कार. माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. यंदा हरित सेनेचं काम माझ्याकडे आलंय. आजवरची रीत अशी, की जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपं आणायची, खड्डे काढायचे, पाहुण्यांच्या हस्ते लावायची आणि फोटो वर पाठवायचे. रोपं दिवाळीपर्यंत तग धरतात. मार्चमध्ये शाळेची बोअर आटते. मुलं पिण्याचं पाणी घरून बाटलीत आणतात, तिथं झाडाला कोण घालणार? उरलंसुरलं मे महिन्यात शेळ्या खातात, कारण शाळेला कुलूप असतं.

मला हे असंच पुढं चालवायचं नाही. आमच्या गावानं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे चर, खोदले होते. आताची नववीतली मुलं तेव्हा पहिली-दुसरीत होती. आईबापाबरोबर डोंगरावर गेल्याचं त्यांना आठवतं. चर आता गाळानं भरत आलेत. म्हणजे गावाला काम करायचं माहीत आहे, पण धागा तुटलाय. तो शाळेतून पुन्हा जोडता येईल असं मला मनापासून वाटतं.

हाताशी काय आहे तेही सांगते. चार वर्गांची एक ओळ, साठ फूट बाय पंचवीस फूट, वर लोखंडी पत्रे. मुलांकडून गणित करून घेतलं: छप्पर साधारण १४० चौरस मीटर, पाऊस ४५० मिलिमीटर धरला तर वर्षाला ६३ हजार लिटर पाणी पडतं. गळती, उडालेलं, वाहून गेलेलं वजा करून ८० टक्के धरलं तरी ५० हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर! उत्तर आल्यावर वर्ग एकदम शांत झाला, कारण टँकरमागं हंडे घेऊन पळणं त्यातल्या निम्म्या मुलींनी केलेलं आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं स्नेहमेळाव्यात ३० हजार रुपये जमवलेत. त्यांच्या मनात कमान बांधायची आहे. हेडसर म्हणाले, दुसरं काही सुचत असेल तर लवकर सांगा. दहावीच्या पालकांचं आधीच म्हणणं आहे की पोरांना अभ्यास सोडून टिकाव-फावडं देऊ नका.

ज्यांनी शाळेत असं काम केलंय त्यांनी सांगा. सुरुवात कशानं करू? गाव त्यात कसं येईल? आणि सुट्टीत कोण बघेल?

---

निवृत्त मास्तर, सांगोला

बाई, झाडं एक वर्ष बाजूला ठेवा. विहिरी मोजा.

कारण सांगतो. गावात कुणालाही विचारा, पाणी किती खाली गेलंय? "लई खाली गेलंय" एवढंच उत्तर येतं. आकडा कुणाकडे नसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पण त्यातली एखादी विहीर तुमच्या शिवारात असेलच असं नाही. शाळेकडे मात्र वही-पेन घेऊन रोज येणारी पोरं आहेत. हे बळ ग्रामपंचायतीकडे नाही, कृषी कार्यालयाकडेही नाही.

कठडा असलेल्या आठ-दहा विहिरी निवडा. ओढ्याच्या कडेच्या काही, माळावरच्या काही, एखादी डोंगराच्या पायथ्याची. मालकाला आधी भेटा, मुलांना घेऊन भेटा. कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दर वेळी टेप तिथूनच सोडा, नाहीतर दोन मुलांच्या दोन आकड्यांत हातभर फरक येतो. टेपच्या टोकाला वजन बांधायचं. आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खाली ते कळतं. बोअरच्या नादी लागू नका, आत मोटर आणि पाइप असतो, टेप अडकते. आणि एक गोष्ट अजिबात सोडायची नाही: मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय एकाही पोरानं विहिरीकडे जायचं नाही, आणि बिनकठड्याची विहीर यादीतच घ्यायची नाही. कितीही चांगल्या जागी असली तरी नाही.

जोडीला पर्जन्यमापक. सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचा गळा कापून तोच उलटा आत बसवायचा. बुडाशी बाटली वाकडीतिकडी असते, म्हणून तळाला खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी भरायचं आणि त्या रेषेला शून्य धरायचं. तिथून वर मिलिमीटरची पट्टी. इमारतीपासून, झाडापासून लांब, मोकळ्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही तीच वेळ धरा म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी ताडून बघता येईल. महसूल मंडळाच्या गावी, सरकारी पर्जन्यमापकात ४० मिलिमीटर आणि आपल्या शिवारात १५, असं आपल्या भागात नेहमी होतं. ते पोरांच्या वहीत दिसलं पाहिजे.

आकडे वहीत ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फळा लावा आणि विहिरीच्या नावासकट लिहा. आमच्याकडे पावसाळाभर कुणी फळ्याकडे फिरकलं नाही. मग गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत एक शेतकरी शाळेत आले आणि म्हणाले, "माझी विहीर का नाही मोजत?" त्या दिवसापासून ते काम शाळेचं राहिलं नाही, गावाचं झालं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. लोकांना भाषण नको असतं, स्वतःच्या विहिरीचा आकडा हवा असतो.

पुढची पायरी म्हणजे पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारनं हेच केलं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढच्या वर्षांत गावानं शेतीसाठी बोअर पाडायची नाही असं ठरवलं, आणि त्या वर्षीचा पाऊस मोजून पिकं ठरवायला सुरुवात केली. नववीच्या पोरांना हे गणित पेलतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. शिवार हजार हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर असेल तर ४५० कोटी लिटर. ऐकायला अफाट वाटतं. मग त्यातलं उन्हानं उडून किती जातं, ओढ्यानं किती जातं, मुरतं किती, आणि १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी मागणारा ऊस किती एकरांवर उभा आहे, हे मांडायला लावा. पोरं घरी जाऊन बापाशी वाद घालतात. घालू द्या.

हा ताळेबंद ग्रामसभेत पोरांनीच वाचायचा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी सगळ्यात योग्य. पावसाळा सरत आलेला असतो आणि रब्बीला काय पेरायचं हे अजून हातात असतं. १ मेच्या सभेत विहिरींचे तळाचे आकडे वाचा.

दहावीच्या पालकांचं खरं आहे, त्या वर्गाला यात ओढू नका. नववीला मात्र जलसुरक्षा हा विषय आहेच. वर्गात पुस्तक वाचून श्रेणी देण्यापेक्षा हीच नोंदवही त्या विषयाचं काम म्हणून धरा. वेगळा तास मागावा लागणार नाही.

---

पाइपवाला

मास्तरांशी सहमत, पण बाईंचे ५० हजार लिटर सोडवत नाहीत म्हणून लिहितो. ३० हजारांत एवढं पाणी साठवणारी टाकी होणार नाही, तो विचार सोडा. पन्हळी, खाली उतरणारे पाइप आणि बोअरचं पुनर्भरण यात पैसे लावा.

बोअरच्या केसिंगभोवती, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पाइपभोवती, साधारण दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. खड्ड्यातल्या केसिंगच्या खालच्या भागाला बारीक भोकं पाडून नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची. मग तळाला मोठे दगड, त्यावर छोटे दगड, त्यावर खडी, वर वाळू. छपराचं पाणी या थरांतून गाळूनच बोअरमध्ये उतरलं पाहिजे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला पाइपला वेगळं तोंड ठेवा, कारण पत्र्यावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. मैदानाचं गढूळ पाणी या खड्ड्यात कधीही वळवू नका, बोअर कायमची बुजते. वरचा वाळूचा थर दर उन्हाळ्यात काढून धुवायचा. आणि कामाला हात लावण्याआधी भूजलवाल्यांना किंवा जाणत्या माणसाला बोअर दाखवा. पाणी न घेणारी बोअर असेल तर खड्डा करून उपयोग नाही.

पिण्यापुरती दोन-तीन हजार लिटरची टाकी हवी असेल तर फेरोसिमेंट, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेलं काम, बघा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांमधून चालतो. त्यात मुलं फेरोसिमेंटचं काम स्वतःच्या हातानं शिकतात. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तो आश्रम सुरू केला तेव्हापासून विचार हाच आहे, की गावाच्या उपयोगाचं काम हीच शाळेची प्रयोगशाळा. एकदा मुलांना घेऊन बघून या.

माजी विद्यार्थ्यांना कमान का नको हे समजावत बसू नका. ते ५० हजार लिटरचं गणित नववीच्या मुलीकडून त्यांच्यासमोर फळ्यावर करून घ्या.

---

राजापूरकर

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि तरी एप्रिलात विहिरी खडखडीत. आमची शाळा पावसाळा संपता संपता वहाळावर वनराई बंधारा घालते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, माती-वाळूनं भरायच्या, तोंडं शिवायची आणि वाहत्या पाण्याला आडव्या रचायच्या. खर्च जवळजवळ नाहीच. वाडीतली मंडळी जेवण घेऊन येतात. दोन-तीन महिने पाणी थांबतं, खालच्या बाजूच्या विहिरींना फरक पडतो.

तुमच्याकडे ओढा परतीच्या पावसानंतर वाहत असेल तरच याचा विचार करा. कोरड्या ओढ्यात गोण्या रचून काही होत नाही.

---

बांधावरचा

बाई, मी खटावचा. माझी दोन पोरं माध्यमिकला आहेत, म्हणून पालकाच्या बाजूनं लिहितो.

झाडं पूर्ण बंद करू नका, फक्त शाळेच्या आवारात लावू नका. प्रत्येक पोराला एकच रोप द्या आणि घराच्या नाहीतर रानाच्या बांधावर लावायला सांगा. कडुलिंब, करंज, बोर, भोकर असली आपल्या मातीतली. करंजाला शेळी फारसं तोंड लावत नाही. बाकीच्यांना बाभळीची नाहीतर बोरीची काटेरी फांदी भोवतीनं रोवायची. रोपाशेजारी जुनं मडकं बुडाला बारीक भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून पुरायचं. आठवड्यातून एकदा भरलं तरी उन्हाळा निघतो. घरचं झाड असलं की सुट्टीचा प्रश्नच येत नाही, म्हातारी माणसं बघतात. माझ्या आईनं नातीचं बोरीचं झाड तसंच जगवलंय. भांडी विसळलेलं पाणी ती दुसरीकडे टाकूच देत नाही.

सुट्टीत विहिरी मोजायचं काम मात्र शिक्षकांवर टाकू नका. ज्याची विहीर त्याच्याच घरातलं शाळेत जाणारं पोर शोधा. बाप बरोबर असतोच.

---

माणदेशी बाई

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल हेडसरांपुढं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विहिरींना लगेच होकार दिला. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा महिन्यातल्या पहिल्या शनिवारी शेवटचे दोन तास मोजणीला मिळतील. दोन पालक सोबत येणार आहेत. यादीत आता नऊ विहिरी आहेत, सगळ्या कठड्याच्या. त्यातल्या चार घरांतलं कुणी ना कुणी आमच्याच शाळेत आहे, म्हणजे मे महिन्याची निम्मी सोय झाली.

बॅचच्या मंडळींना पुढच्या रविवारी बोलावलंय. गणित मांडायला नववीतली एक मुलगी तयार झाली आहे. तिच्या घरची विहीर गेल्या वर्षी फेब्रुवारीतच आटली होती. ती म्हणाली, "बाई, मी लिटरमध्ये नाही सांगणार, हंड्यात सांगीन." १५ लिटरचा हंडा धरून तिनं आकडा काढूनही ठेवलाय: तीन हजार तीनशेच्या वर हंडे.

मास्तर, एक अडचण विचारते. विहिरीवर मोटर चालू असली तर पातळी खाली दिसणार. मग हा आकडा ग्राह्य धरायचा का?

---

निवृत्त मास्तर, सांगोला

मोटर चालू असताना मोजू नका. बंद करून पाणी चढून थांबेपर्यंत वाट बघणं खरं, पण शेतकऱ्याची पाळी मोडून तसं करू नये. त्याऐवजी वहीत दोन रकाने वाढवा: मोटर आत्ता चालू आहे का, आणि रात्री लाइट होती का. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असेल, तर रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी विहीर उपसलेलीच सापडते. अशा वेळी मोजणी पुढच्या शनिवारवर ढकला आणि तारीख स्पष्ट लिहा. महावितरणच्या शाखेतून पाळीचं वेळापत्रक मिळतं, ते वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

त्या मुलीनं हंड्यात काढलेला आकडा फळ्यावरही तसाच लिहा.