क्रोमॅटिन आधी सैल होते की दुरुस्ती आधी सुरू होते?

प्रश्न
डीएनए दुरुस्तीच्या आकृत्यांत डीएनए बहुधा उघडा दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो (या गुंडाळणीलाच क्रोमॅटिन म्हणतात) आणि एकेका न्यूक्लिओसोमवर, म्हणजे हिस्टोनांच्या एकेका गुंडीवर, त्याच्या सुमारे १४७ बेस-जोड्या असतात. मग दुरुस्तीची प्रथिने इजेपर्यंत पोहोचतात कशी? क्रोमॅटिन आधी सैल होते, की तीच प्रथिने ते सैल करून घेतात?

उत्तर १
आपला प्रश्न मोलाचा आहे, पण याचे उत्तर इजेच्या प्रकारानुसार बदलते. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम हे कायनेज (फॉस्फेट जोडणारे विकर) सक्रिय होऊन एच२ए-एक्स या हिस्टोनच्या १३९व्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट जोडते, आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींत ही खूण तुटीपासून लाखो बेस-जोड्यांपर्यंत पसरते. तिला एमडीसी१ हे प्रथिन येऊन चिकटते, त्यामागून आरएनएफ८ आणि आरएनएफ१६८ ही विकरे शेजारच्या हिस्टोनांना युबिक्विटिन हे छोटे प्रथिन जोडतात, तेव्हा कुठे ५३बीपी१ या दुरुस्तीच्या प्रथिनाला तेथे टिकून राहता येते. म्हणजे क्रोमॅटिनला निव्वळ अडथळा समजणे चूक आहे. तुटीची वर्दी तेच देते. अध्यापनात हा भाग घाईने उरकला जातो, याची मला खंत वाटते.

न्यूक्लिओसोम सरकवण्याचे किंवा काढण्याचे काम एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करणारी प्रथिन-संकुले करतात. यीस्टमध्ये आयएनओ८० हे संकुल फॉस्फेटची खूण असलेल्या हिस्टोनच्या आधारे तुटीपाशी येते.

उत्तर २
एका धाग्याला चीर पडली, तर पार्प१ हे विकर ती ओळखते आणि एडीपी-रायबोज या लहान रेणूच्या साखळ्या तयार करते. त्या साखळ्यांना एएलसी१ हे प्रथिन चिकटते, सक्रिय होते आणि न्यूक्लिओसोम सरकवते. येथे तरी इजा ओळखणारे प्रथिनच पुनर्रचनेला बोलावते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. दुरुस्तीनंतर मूळ घडी परत बसते का?

उत्तर १
बसवावी लागते. अतिनील किरणांमुळे बिघडलेला तुकडा काढून नवा भरला गेला की सीएएफ-१ हे प्रथिन-संकुल तेथे नवे एच३.१ हिस्टोन बसवते. नव्या हिस्टोनांवर जुन्यांच्या सगळ्या रासायनिक खुणा नसतात, त्यामुळे डीएनएचा क्रम जुळला तरी त्या जागेची पूर्वीची ओळख परत येणे हे वेगळेच काम उरते.

उत्तर २
हेटरोक्रोमॅटिनमधील, म्हणजे क्रोमॅटिनच्या घट्ट बांधलेल्या भागातील, तुटीची तऱ्हा आणखी निराळी आहे. फळमाशीच्या पेशींत तेथील क्रोमॅटिन सैलावते खरे, पण दुरुस्तीसाठी नमुना शोधणारे आरएडी५१ हे प्रथिन तुटीवर बसण्यापूर्वी ती तूटच एचपी१ या हेटरोक्रोमॅटिनच्या प्रथिनाने व्यापलेल्या प्रदेशाबाहेर हलवली जाते. हेटरोक्रोमॅटिनमध्ये एकसारखे क्रम पुन्हापुन्हा येतात आणि दुरुस्तीसाठी नमुना म्हणून भलताच क्रम निवडला जाण्याचा धोका असतो. तो या स्थलांतराने टळतो.